भिवाचं बोट

४ मार्च १९७३, रविवार

आपलं गाव नकाशात नाही!

असं ओव्हरसियर म्हणतो. मी म्हणाले, अवो साहेब, गाव न्हाई तर मी बसले कुठं? तो हसला नाही. तरणा आहे, जालन्याचा, मुकुंदराव नाव. काळा चष्मा लावतो. ऊन डोळ्यांना लागतं म्हणे. आमचे डोळे काय उसने आणलेत!

भोकरदनहून जाफराबादकडे जुना रस्ता होता, तो दुष्काळी कामातून रुंद करायचा ठरलाय. आम्ही धरून चाललो होतो की तो आमच्या सावरखोऱ्यावरून जाणार. रस्ता आला की खडी फोडायचं काम दाराशी, पाण्याचा टँकर दाराशी, आज ना उद्या एसटी. तर मुकुंदराव म्हणतो, रेकॉर्डला रस्ता हिवरगव्हाणवरून आहे. तिकडून काम सुरूही केलं. सावरखोऱ्यावरून न्यायचा तर नव्यानं जमीन घ्यावी लागेल, कागद वर्षभर फिरतील, तोवर माणसं मरतील. जुना रस्ता सरकारचाच असतो, कुणाला विचारायला नको.

पटण्यासारखं बोलतो. हीच तर पंचाईत.

आणि हिवरगव्हाण माझं माहेर. तोंड कडू करावं की गोड, कळेना.

५ मार्च

पान कुणाचं, कशाला, ते काल राहिलंच. मच्छिंद्र मास्तर संध्याकाळचा वर्ग घेतात, मोठ्या माणसांचा. माझी सून शिवकन्या तिथं शिकली. मास्तर म्हणाले, रोज काहीतरी लिहा, नाहीतर हात विसरतो. खताच्या दुकानाची वही मिळाली, वर तारखा छापलेल्या. पण सुनेला सुचेना काय लिहावं. मी म्हणाले, मी सांगते, तू लिही. सासू सांगते आणि सून मुकाट्यानं ऐकते, असं दुसरं घर तालुक्यात दाखवा!

शिवकन्या हसून राहिली आहे. तेही लिही.

माझं 'न्हाई' ती 'नाही' करून लिहिते. करू दे. कागदावर जायचं म्हणजे तोंड धुऊन जावं.

मी नाही शिकले. मास्तर म्हणाले, चांगुणाबाई, तुम्हीही बसा. मी म्हणाले, डोकं वाटांनी भरलंय मास्तर, अक्षरं ठेवू कुठं?

८ मार्च

आज नकाशा नीट पाहिला. मुकुंदरावाला म्हणाले, आमचं गाव ज्यानं खाल्लं त्याचं तोंड तरी दाखवा. त्यानं बाजेवर पसरला. कागद खालून कापडाला डकवलेला, डांबरगोळ्यांचा वास. मोगलाईतला आहे, निजामाच्या वेळचा.

मधून एक रस्ता खालून वर जातो, बाईच्या भांगासारखा. दोन्ही अंगांना गावं. तालुक्याचं गाव म्हणजे दोन गोल आणि वर झेंडा. साधं गाव म्हणजे एक गोल. गढी असली तर दातेरी चौकोन. विहीर म्हणजे निळा ठिपका. झाड म्हणजे कुत्र्याची छत्री. डोंगर म्हणजे मुंग्यांची वारुळं. गाडी जात असली तर दोन रेघा, पायवाट असली तर एक. आणि रस्त्यावर बारीक आडव्या खुणा, खुणेला आकडा. तो कोस.

मी विचारलं, वर म्हणजे कुठं? उत्तर का?

"नाही आजीबाई. वर म्हणजे जाफराबाद. या जुन्या नकाशांत ज्या गावाला जायचं, ते वर."

हे मात्र मला आवडलं. चालणाऱ्याला उत्तर घेऊन काय करायचंय!

पण चढ नाही त्यात. काटे नाहीत, तहान नाही. आणि कुठल्याच गावाचा महारवाडा नाही. एकच गोल. आम्ही त्या गोलाच्या आत होतो की बाहेर, ते काढणाऱ्यानं सांगितलं नाही.

भोकरदनपासून रेघ सरळ येते. मग एका झाडाशी कोपर मोडल्यासारखी उजवीकडं जाते. जाऊन हिवरगव्हाणला शिवते, पुन्हा डावीकडं येते आणि काही झालंच नाही अशी सरळ चालू लागते. सावरखोरा त्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं नुसता पिवळा कागद आहे.

मी कोपरावर बोट ठेवलं. मुकुंदराव म्हणाला, "वा, नकाशा कळतो की तुम्हाला!"

न कळायला काय झालं. हा नकाशा मी डोक्यावर वाहिलाय.

हे त्याला नाही म्हणाले. पानाला म्हणते आहे.

९ मार्च

शिवकन्या विचारते, आत्याबाई, डोक्यावर वाहिला म्हणजे? म्हणाले, भाकर करपली बघ.

१३ मार्च

बेबीनंदा, माझी नात, शिवकन्येची थोरली, जाफराबादच्या पलीकडून सासरहून आली आहे. आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. ही रीत दुष्काळाला समजावून सांगता येत नाही. मीही माझ्या लेकाच्या, संपतच्या वेळी हिवरगव्हाणलाच होते, आईजवळ.

पण घरात मिलोची, त्या अमेरिकेच्या जोंधळ्याची लाल भाकर आणि खाणारी तोंडं वाढलेली. म्हणून पोरगी आईबापाबरोबर खडी फोडायला जाते. नको म्हटलं तर म्हणते, "आजी, बसून खाल्लं तर गळ्याखाली उतरत न्हाई गं."

इथून काम दोन कोस. मधे नाला. त्यात खाली उतरायचं, वर चढायचं. येताना पुन्हा तेच.

आमच्यात कोस मोजायची एक रीत होती. कडुलिंबाची हिरवी डहाळी मोडून हातात धरायची आणि उन्हात चालू लागायचं. पानं मलूल झाली की एक कोस. मुकुंदरावाला सांगितलं तर म्हणाला, "मग उन्हाळ्यात कोस छोटा आणि हिवाळ्यात मोठा? असं कसं चालेल?"

अवो, चालणाऱ्याला तसाच लागतो! खुर्चीवर बसणाऱ्याचा कोस बारमाही सारखा.

पोटुशी बाईचा कोस मात्र आमच्या रीतीतही कुणी मोजला नाही.

१८ मार्च

आज सांगून टाकते. शिवकन्या, हात दुखला तरी थांबू नको.

भिवा म्हणजे माझा नवरा. जिवंत होता तोवर त्याचं नाव घेतलं नाही. आता त्याला जाऊन सहा वर्षं झाली, आणि पानापुढं कसली लाज!

काम वाटाड्याचं. मोगलाईत अंमलदार आला की आमच्या माणसानं त्याच्या घोड्यापुढं चालायचं, ओझं वाहायचं, वाट दाखवायची. शिवेवर पुढच्या गावचा महार उभा. ओझं त्याच्या डोक्यावर गेलं की आपण मागं फिरायचं. दाम नाही. नाही म्हणायची सोय नाही. पेरणी असो, घरात मढं असो. ती वेठ. आता छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं आम्ही बुद्धाला शरण गेलो, वेठ गेली, वतन गेलं. भिवाची घुंगराची काठी तेवढी आढ्याला आहे.

पण वाट दाखवावी तर भिवानं. दोन गावांचा शिवेवरून वाद झाला की दोन्हीकडची माणसं म्हणत, भिवा बोट दाखवील ते खरं. त्याला हात लावू द्यायचे नाहीत कुठं, पण त्याचं बोट मानायचे. 'भिवाचं बोट चुकत न्हाई' ही आमच्याकडे म्हणच आहे. संपत, माझा लेक, त्या म्हणीवर जगतो.

एका साली हैदराबादहून नकाशेवाला मुन्शी आला. बारीक माणूस, खोकायचा. शिवी देत नव्हता, हे लिही. त्याच्याजवळ एक मोठं लाकडी चाक होतं. दांड्याला धरून ढकलायचं. फेरा पुरा झाला की टिक् वाजायचं. जितके टिक् तितकी वाट. भिवाचं नाव ऐकून त्यानं त्याला शिवेवर सोडलाच नाही, पार जाफराबादपर्यंत धरला. चाक भिवानं ढकललं. कागदांचं बोचकं माझ्या डोक्यावर. वेठीला बाईमाणूसही धरत. त्याच थंडीत संपत झाला, म्हणून साल माझ्या ध्यानात.

खरी वाट त्या कोपरावरच्या चिंचेपासून सरळ होती. सावरखोऱ्यातून, आपल्या वस्तीच्या पुढून. बैलगाड्या त्याच वाटेनं जात. चिंचेशी मुन्शी थांबला. म्हणाला, "यही रास्ता है?" भिवानं उजवीकडं बोट केलं. हिवरगव्हाणकडं. तिकडं तेव्हा नुसती पायवाट.

"जी सरकार."

चाक वळलं. टिक्, टिक्. चाक खोटं बोलत नाही. जिकडं वळवाल तिकडचं खरं सांगतं.

शिवकन्या लिहायची थांबली आहे. म्हणाले, लिही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलले, पुन्हा नाही बोलणार.

काऊन केलं असं? तर सरकारी रस्ता ज्या गावावरून, सरकारी मुक्काम त्या गावात. आणि मुक्काम म्हणजे वेठ आमच्या माथी. झालं. एवढं पुरे.

१९ मार्च

शिवकन्या संपतला काही बोलली नाही. पण भाकरी वाढताना त्याच्याकडं बघते आणि मग माझ्याकडं बघते. बाई, तुझ्या तोंडावर सगळं छापलंय. ते वाचायला वर्ग लागत नाही.

२६ मार्च

आज बेबीला बाजेवर आणली.

नाल्यातून वर चढताना बसली ती उठेचना. डोळे फिरवले. संपत आणि आणखी तिघांनी कामावरची बाज आणली, नाल्यातून वर घेताना दोनदा कलंडली. सुईण म्हणते, पोट अजून जाग्यावर आहे, पण आता हिला चालवाल तर दोन्ही जीव जातील. मी पायांना तेल लावलं. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि भरून यायला वेळ लागतो.

"आजी," म्हणाली, "लोक दोन कोस म्हणतेत. मला तर सरतच न्हाई."

ती कामाला नाही गेली तरी पाणी आहेच आणायचं. टँकर नाल्यापलीकडं उभा राहतो, अलीकडं उतरत नाही. दुखायला लागल्यावर पाणी नाल्यापलीकडून आणायचं का? गाडी कुठून यावी? डॉक्टर कुठून यावा?

सांगावं लागणार.

सांगितलं तर भिवाचं बोट खोटं पडतं. सगळं गाव म्हणेल, यानंच आपलं गाव पुसलं. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. आणि त्याची बाजू माझ्याशिवाय कुणाला ठाऊक?

३० मार्च

मुकुंदराव चहाला थांबला. पूर्ण कप प्याला. मी बघतच होते. जालन्याच्या नरहर जोशी भटजींचा नातू आहे, म्हटलं बशी ओठाशी जाते की खाली ठेवतो. प्याला, आणि वर म्हणाला, "साखर थोडी कमी चालेल." पोरगा कामाचा आहे.

मी विचारलं, साहेब, नकाशा चुकला असला तर?

त्यानं चष्मा काढला. म्हणाला, त्यालाही कोडंच आहे. रेकॉर्डला तिथं दोन रेघा, म्हणजे गाडीरस्ता. आणि जागेवर नाल्यात बकरी उतरायला घाबरते. तिथं मोरीचा छोटा पूल बांधायचा तर पावसाळा येईल. "गाड्या जात होत्या तर कुठून जात होत्या, आजीबाई?"

मी म्हणाले, मला काय ठाऊक.

तो म्हणाला, "कुणी जुनं माणूस सांगणारं पाहिजे. आणि नुसतं सांगून नाही चालणार. जागेवर खूण पाहिजे."

लबाड बोलले मी. या वयात!

२ एप्रिल

माझा धाकटा भाऊ भुजंग आला होता, हिवरगव्हाणहून. ओव्हरसियरनं नकाशाबद्दल तिकडे विचारपूस केली असणार. दारातच उभा राहिला.

"अक्का, माहेराच्या तोंडचं पाणी काढून राह्यलीस म्हणं."

म्हणाले, पाणी दोन्हीकडच्या तोंडचं आहे बाबा. तुमच्याकडं विहिरीला घागरभर तरी आहे. इथं पोरगी अवघडली आहे.

"रस्ता इकडं वळवशील, मंग माहेराला कोणत्या वाटेनं येशील?"

मी हसण्यावारी नेलं. म्हणाले, जुन्या वाटेनं, मला पाठ आहे. तो हसला नाही. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यानं घेतला नाही. या दुष्काळात पाणी नाकारलं त्यानं. मग कळलं राग केवढा आहे तो.

जाताना वळून म्हणाला, "अन् खरं सांगायला निघालीस तर सगळं सांग. मी तवा आठ वर्षांचा होतो, आंधळा नव्हतो."

शिवकन्या, तू चूल बघत होतीस. ऐकलं नाहीस. तरी लिही.

१४ एप्रिल

जयंती झाली. पाणी नाही म्हणून झेंडे न धुता लावले. शिरा नाही, दुष्काळी कामावरची सुकडी वाटली.

मच्छिंद्र मास्तर बोलले. म्हणाले, ज्या काळात आपल्याला शाळेची पायरी चढू देत नव्हते, त्या काळात सरकारचा नकाशा आपल्या माणसाच्या पायांनी काढला. भिवाबाबांचं बोट सरकारनं मानलं. संपतनं आढ्याची काठी आणली होती. ती वर धरली. घुंगरं वाजली, टाळ्या पडल्या. बेबी बाजेवरूनच टाळ्या वाजवत होती, सुजलेले पाय उशीवर ठेवून.

मी टाळी वाजवली नाही. शेजारीण म्हणाली, "मावशी, रडू येऊन राह्यलं का?" म्हणाले, धूर गेला डोळ्यांत.

१७ एप्रिल, मंगळवार

सांगितलं.

मुकुंदराव बसला होता, संपत बसला होता. म्हणाले, साहेब, नकाशा खोटा आहे. खोटं बोट माझ्या नवऱ्याचं. मी सोबत होते.

संपत उठला. "माय, डोकं फिरलं का तुझं? कोणी सांगाया लावलं?"

म्हणाले, कुणी नाही. तुझ्या लेकीच्या पायांनी सांगाया लावलं.

मग सगळं सांगितलं. चिंच, चाक, वेठ. मुकुंदराव ऐकत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "आजीबाई, मी मानतो. पण वरचे मानणार नाहीत. खूण काय?"

म्हणाले, न्हाणीजवळचा दगड उलटा करा.

चाळीस वर्षं त्याच्यावर धुणं आपटलं. शिवकन्येनं वीस वर्षं आपटलं. संपत हात लावीना. चौघा गड्यांनी पहार घालून उलथवला. खाली गोगलगायी आणि ओल. इतक्या दुष्काळात तेवढीच ओल. चिखल पुसला तर चार खाचा, एकाखाली एक.

कोसाचा दगड. भोकरदनपासून चार कोस. लय जुना, मुन्शीच्याही आधीचा. आमच्या वस्तीच्या पुढं वाटेला उभा होता. मुन्शी गेल्यावर भिवानं उपटून आणला आणि पालथा घातला.

मुकुंदरावानं खाचांवरून बोट फिरवलं. मीही फिरवलं. अक्षर नाही, आकडा नाही, नुसत्या खाचा. मला वाचता येणारं तेवढंच एक लिखाण, आणि त्याच्यावर मी साबण लावत होते.

संपत घराबाहेर गेला. जेवायला आला नाही.

१८ एप्रिल

आज चाललो. चिंचेपासून इथवर. मुकुंदराव फीत घेऊन, दोन गडी फीत धरून, आणि मी पुढं. डहाळी मोडून घेतली होती. तो म्हणाला, "आजीबाई, फीत आहे की." म्हणाले, तुमची तुम्ही धरा, माझी मी धरते.

वाट मुरमाखाली गेली आहे, पण पायाला लागते. गाडीच्या चाकोऱ्या खडकात कोरल्या गेल्या आहेत, बोटभर खोल. बाभळी वाढल्या त्यांच्यात. मुकुंदराव गुडघ्यावर बसून ते खडक बघत राहिला. म्हणाला, "दोनशे वर्षं गाड्या गेल्या असतील इथून." नाला लागला तो नुसता ओघळ, उडी मारून जावा असा. दगडाचा खड्डा वस्तीच्या पुढं बोरीखाली सापडला. त्याची माती अजून भुसभुशीत.

त्याच्या फितीत आणि माझ्या डहाळीत थोडाच फरक पडला. त्याच्या पायाला मात्र दोन फोड आले.

चिंचेपाशी मला थोडं बसावं लागलं. ऊन लागलं, म्हणाले.

२३ एप्रिल

संपत बोलत नाही. पाण्याचा हंडा आणतो, माझ्यापुढं ठेवतो, तोंड फिरवतो.

गावात जो तो बोलतो. पाटलाच्या ओट्यावर कुणी म्हणालं, महारानं गाव बुडवलं. चाळीस वर्षं एसटी नाही, दवाखाना नाही, पोरी द्यायला कुणी तयार नाही, ते भिवामुळं. विहिरीवर एक बाई म्हणाली, "भिवाचं बोट!" आणि थुंकली.

मी भिवाची काठी आढ्यावरून काढली. घुंगरं फडक्यात बांधून पेटीत ठेवली.

२९ एप्रिल

मच्छिंद्र मास्तर आले. संपतला अंगणात बसवून बोलले. मी आतून ऐकलं. "तुला लाज कशाची वाटून राह्यली? अरे, तुझ्या बापाजवळ शस्त्र नव्हतं, अक्षर नव्हतं. त्यानं पायानं सरकारला फसवलं. वेठीला नकार दिला. आपल्या वस्तीत पहिलं बंड त्यानं केलं, आणि कुणाला सांगितलंबी नाही."

संपत उठला. मग आत आला. म्हणाला, "माय, काठी कुठं ठेवलीस?"

काढून दिली. घुंगरांच्या फडक्याची गाठ मात्र मला सुटेना. त्याला वाटलं आनंदानं.

६ मे, रविवार

मंजुरी आली! चिंचेपासून आपल्या वस्तीपर्यंत चुन्याची रेघ मारली. मुकुंदरावानं माझ्या हातात चुन्याचं डबडं दिलं, म्हणाला, पहिली चिमूट तुमची. म्हणाले, उतारवयात रेघ मारायला शिकवता का! मारली. वाकडी गेली.

हिवरगव्हाणचं काम थांबलं. भुजंगानं सांगावा धाडला, "अक्काला म्हणावं, सासर जिंकलं." तिथल्या बाया आता इकडं येतील कामाला, दोन कोस, नाला उतरून. त्यांच्यातही कुणी अवघडलेली असेल. हे कुणी बोलत नाही. मी बोलले तर म्हणतात, आज तरी गोड बोल.

टँकर वस्तीत आला. पोरं त्याच्या चाकाला हात लावून बघत होती. बेबीनं बाजेवरून तांब्याभर पाणी मागितलं आणि पुरं प्याली, न थांबता.

११ मे

बेबी बाळंतीण झाली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. भोकरदनची नर्सबाई टँकरवाल्याच्या शेजारी बसून आली, रस्ता व्हायच्या आधीच! पोरीची पहिली आंघोळ टँकरच्या पाण्यानं.

संपत सगळ्या वस्तीत सांगत फिरतो. दुपारी रंगाचा डबा आणला. रस्त्याच्या तोंडाशी पाटी लावायची. 'भिवा मार्ग. यांनी वेठ मोडली.' मास्तर अक्षरं आखून देणार, संपत रंग भरणार. परवा लावणार.

मला विचारलं, "माय, बराबर लिहिलंय ना?"

मी म्हणाले, मला कुठं वाचता येतं.

१२ मे

शिवकन्या, दार लोटून घे. लिही.

वेठीचं मी रचलं. भिवाच्या तोंडात ते कधीच नव्हतं. चिंचेखाली मला कळ आली. पहिलटकरीण होते, भ्याले. म्हणाले, मला आईकडं जायचंय. वेठ टाकून मला पोचवायची त्याची छाती नव्हती, कुणाचीच नसती. तेवढ्यात मुन्शीनं विचारलं, यही रास्ता है? भिवानं माझ्याकडं पाहिलं. मी उजवीकडं पाहिलं. त्याचं बोट माझ्या नजरेमागं गेलं. घोडा, चाक, मुन्शी, सगळं सरकार त्यानं माझ्या आईच्या दारापर्यंत नेलं. भुजंग दारात उभा होता. संपत त्याच सांजेला झाला. आणि पुढं भिवानं दगड पालथा घातला तो मला कुणी बोल लावू नये म्हणून.

चाळीस वर्षं या गावाला वाट नव्हती, ती एवढ्यासाठी.

शिवकन्या विचारते, यांना सांगू?

सांग. पाटीवरचा रंग वाळायच्या आधी सांग. बेबीची लेक त्याच्या मांडीवर दे, आणि मग सांग.